पोटावर पट्ट्याचा वळ, आणि गाडीला म्हणे पाच स्टार

प्रश्न: वहिनी पुढच्या सीटवर होती, बेल्ट लावलेला, समोरून धडक बसली. डोक्याला खरचटलंही नाही पण पोटावर आडवा काळानिळा वळ उठला आणि दुसऱ्या दिवशी आतड्याचं ऑपरेशन करावं लागलं. आता घरात सगळे बेल्टलाच शिव्या घालतायत. गाडीला क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार आहेत, मग असं कसं झालं? – एक वाचक

उत्तर: बेल्टने लागलं हे खरंच आहे, पण बेल्ट नसता तर वहिनी डॅशबोर्डवर नाहीतर थेट काचेवर आदळल्या असत्या, आणि मग गोष्ट आतड्यावर थांबली नसती. पुढच्या सीटवर बेल्ट लावला तर मृत्यूचा धोका साधारण ४५ टक्क्यांनी कमी होतो, हा अमेरिकन सरकारी हिशोब आहे.

कमरेचा पट्टा पोटावर नाही, त्याच्या खाली, दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या कमरेच्या हाडांवर बसायला हवा. ती हाडं मार सोसतात. पण सीट मागे पाडून रेलून बसलं किंवा पट्टा वर सरकला की धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो, पट्टा हाड सोडून मऊ पोटात रुततो आणि मागे मणका, पुढे पट्टा, मधे आतडं चेंगरतं. याला सबमरीनिंग म्हणतात. असा वळ दिसला की डॉक्टर पेशंट ठणठणीत दिसला तरी लगेच घरी सोडत नाहीत, कारण आतड्याची इजा पहिल्या स्कॅनमध्ये कधीकधी दिसतच नाही.

आता स्टार. समोरच्या धडकेच्या टेस्टमध्ये वर्षानुवर्षं बसतोय तो हायब्रिड थ्री डमी, म्हणजे माणसाच्या जागी बसवलेला पुरुषाच्या मापाचा पुतळा, १९७६ चा, उंची साधारण १७५ सेंमी, वजन ७८ किलो, बरगड्या स्टीलच्या आणि पोटात फोम. छाती किती दबली हे मोजतो छातीच्या मधोमध एकच सेन्सर. आतडं नाही, लिव्हर नाही, मग फाटलेलं कळणार कसं? बाईचा म्हणून जो छोटा डमी वापरतात तो बराचसा याच पुरुषाला आटवून केलेला, म्हणजे बाईची ठेवण त्यात नीट आलीच नाही (हे इतकी वर्षं खपलं कसं, देव जाणे). व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात बेल्ट लावलेल्या बायकांना समोरच्या धडकेत गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ७३ टक्के जास्त निघाली. थॉर नावाचा नवा डमी छाती चार ठिकाणी मोजतो, युरोपात गाड्यांना स्टार देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने तो २०२० पासून घेतला, पण तोही पुरुषाच्याच मापाचा. त्यामुळे स्टार बघून गाडी जरूर घ्या, पण ते ठरलेल्या मापाच्या, सरळ बसवलेल्या डमीचे आहेत, रेलून झोपलेल्या माणसाचे नाहीत.

वहिनी बऱ्या झाल्या की सीट सरळ, जाड जॅकेट बाजूला, कमरेचा पट्टा पोटाखाली कमरेच्या हाडांवर ओढून घट्ट. घरात कुणी गरोदर असेल तर पट्टा पोटाच्या खालून, वरून कधीच नाही. आणि डॅशबोर्डवर पाय टाकून बसायची हौस कुणाला असेल तर ती आजच बंद करा.