क्वांटम म्हणजे ‘किती’. पुंज कुठून आला?

प्रश्न असा आहे: ‘क्वांटम ग्रॅव्हिटी’ला, म्हणजे गुरुत्वाला क्वांटमचे नियम लावू पाहणाऱ्या भौतिकशास्त्राला, मराठीत ‘पुंज गुरुत्व’ म्हणावं की ‘पुंज गुरुत्वाकर्षण’?

गुरुत्व. आणि त्यातला ‘रु’ ऱ्हस्व. एकटा ‘गुरू’ आपण दीर्घ लिहितो, पण ‘गुरुत्व’मध्ये तो संस्कृतातल्यासारखा ऱ्हस्वच राहतो. ‘गुरूत्वाकर्षण’ हे रूप बातम्यांत आणि विज्ञानलेखांत इतकं माजलंय की बरोबर रूपच लोकांना चुकीचं वाटू लागेल. ‘आकर्षण’ न्यूटनच्या धड्यात ठेवावं. आइनस्टाइनने १९१५ मध्ये गुरुत्व म्हणजे अवकाशकाळाची वक्रता असं मांडलं, तेव्हाच ओढाओढीची भाषा संपली. शिरपूरला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर यांचं काम त्याच्याही पुढे जातं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लूप क्वांटम ग्रॅव्हिटीच्या (क्वांटम ग्रॅव्हिटीतली एक वाट) पद्धतीने विश्वाच्या आरंभाचं गणित केलं. त्यात घनता प्रचंड वाढली की गुरुत्वाचा परिणाम ढकलणारा होतो आणि आकुंचणारं विश्व एका बिंदूत न संपता उसळी घेतं. जे ढकलतं त्याला आकर्षण कसं म्हणणार?

पण खरा घोटाळा ‘पुंज’ या शब्दात आहे आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही.

पुंज म्हणजे रास, ढीग. तारकापुंज म्हणजे पुष्कळ तारे एकत्र. अंड्यांचा पुंजका, केसांचा पुंजका. ज्यातून चिमूटभर काढून घेता येतं ते पुंज. क्वांटम म्हणजे ऊर्जेसारख्या गोष्टीचा सगळ्यात लहान वाटा, आणि त्याचं वैशिष्ट्य नेमकं उलटं: त्यातून काही काढता येत नाही. मराठी विश्वकोशाने ‘पुंज सिद्धांत’, ‘पुंजयामिकी’ हे शब्द रुजवले. विश्वकोशाचे उपकार मराठी विज्ञानलेखनावर मोठे आहेत, पण हा शब्द फसला हे माझं ठाम मत आहे. समर्थक म्हणतात, ऊर्जेचं गाठोडं, म्हणून पुंज. गाठोडं ही शिकवणाऱ्याने सोयीसाठी केलेली उपमा. मूळ शब्दात गाठोडं नाही, रास नाही, वस्तूच नाही. मूळ शब्दात आहे एक प्रश्न.

लॅटिनमध्ये क्वांटम म्हणजे ‘किती’. बस्स, एवढंच! आणि हा ‘क्व’ आपल्या घरचा आहे. लॅटिन क्विस, संस्कृत कः. लॅटिन क्वोत, संस्कृत कति. मराठी ‘किती’ याच प्रश्नार्थी ‘क’च्या गोतावळ्यातला. ‘किती’ लॅटिनमधून आलेला नाही आणि क्वांटम संस्कृतातून गेलेला नाही; दोघं चुलतभाऊ आहेत. शाळेतली पोरं क्वांटम शब्दाला बिचकतात, आणि भाजीवाल्यापुढे उभं राहून आपण रोज त्याचाच भाऊबंद उच्चारतो.

आता माझं मत, जे मी अनेकांशी भांडून मांडलं आहे. युरोपातले वैद्य औषधाच्या चिठ्ठीवर ‘क्वांटम सातिस’ लिहीत: पुरेल इतकं घाला. म्हणजे भौतिकशास्त्रात येण्याआधी हा शब्द औषधाचं प्रमाण सांगत होता. आपल्या वैद्यांचा त्या जागेचा शब्द कोणता? मात्रा! मुळात ‘मा’ धातू, मोजणे. हिंदीत काहींनी ‘प्रमात्रा’ वापरला आहे. मराठीला तो ‘प्र’सुद्धा नको. शिवाय मात्रावृत्तात अक्षर लघू तर एक मात्रा, गुरू तर दोन. दीड मात्रेचं अक्षर कोणी मोजत नाही. भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकने डिसेंबर १९०० मध्ये बर्लिनला ऊर्जेबद्दल जे गृहीत धरलं ते याच जातीचं होतं: एक वाटा, दोन वाटे, अधलंमधलं काही नाही. ‘पुंज’मध्ये ही मोजणी कुठे ऐकू येते?

लूप क्वांटम ग्रॅव्हिटीत तर हा ‘किती’ खुद्द अवकाशाला विचारला जातो. अष्टेकरांनी १९८६ मध्ये आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत (बदलत्या राशींत) मांडली. त्या पायावर १९९५ मध्ये रोवेल्ली आणि स्मोलिन या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की या सिद्धांतात क्षेत्रफळ हवं तितकं असू शकत नाही, ते ठरावीक पायऱ्यांनीच वाढतं. पायऱ्या कल्पनेपलीकडे बारीक आहेत. तिथलं माप म्हणजे प्लांक लांबी: मीटरमध्ये लिहायची तर दशांशचिन्हानंतर ३४ शून्यं आणि मग १६. हे अजून प्रयोगाने तपासता आलेलं नाही. पण अवकाशाच्या मात्रा मोजणाऱ्या या सिद्धांताला ‘मात्रा-गुरुत्व’ म्हणून पाहा, अर्थ आपोआप उलगडतो.

‘वैयाकरण अर्धमात्राही मानतात, मग मात्रा अविभाज्य कशी?’ असा आक्षेप एका संस्कृतज्ञांनी घेतला होता. त्यांनी इलेक्ट्रॉनची फिरक (स्पिन) पाहावी. ती अर्धीच असते. इतर कणांना अर्धी, एक, दीड चालते. पाव किंवा पाऊण कधीच नाही. अर्ध्याने मोजलं तरी मोजणी पायऱ्यांचीच राहते.

‘गुरू’चीही भावकी सांगायलाच हवी. संस्कृत गुरु, लॅटिन ग्राविस, ग्रीक बारुस: तिन्हींचा अर्थ जड, तिन्हींचं मूळ एक. ग्राविसपासून ग्रॅव्हिटी, बारुसपासून बॅरिऑन. म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ज्या कुळातले कण, त्या कुळाच्या नावात आपला गुरू बसला आहे. मात्र यावरून इलेक्ट्रॉनच्या कुळाच्या नावाबद्दल ‘लेप्टॉन म्हणजे लघू’ असं जे ठोकून दिलं जातं ते साफ चूक. लेप्टॉन ग्रीक ‘लेप्टोस’पासून आला, म्हणजे बारीक, आणि त्याच्या मुळाशी सोलण्याचा अर्थ आहे. लघूचा लॅटिन भाऊ ‘लेविस’, तो वेगळा. आणि १९७० च्या दशकात सापडलेला टाऊ हा लेप्टॉन तर प्रोटॉनच्या जवळजवळ दुप्पट जड आहे.