केबिनच्या फळ्या घासण्याआधी

अरे, आधी घासायचं मशीन खाली ठेव. होडीच्या केबिनमधल्या जमिनीच्या फळ्या उचलताना प्रत्येकीच्या पाठीवर नंबर आणि नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, बाण काढ. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. वरचा सागाचा थर बहुधा १ मिलिमीटरहूनही पातळ. गोव्यात चापोऱ्याला माझ्या पहिल्या होडीवर मी ८० नंबरचा खरखरीत पॉलिशपेपर फिरवला आणि खालचं प्लायवूड दात दाखवू लागलं! १२० ने हाताने सुरू कर, २२० वर थांब.

पाणी शिरतं ते कडांतून. काळ्या पडलेल्या कडा नीट वाळव, मग दोन-तीनदा इपॉक्सी (घट्ट होणारं राळेसारखं रसायन) पाज. साग तेलकट, म्हणून व्हार्निशआधी ॲसिटोनचा फडका. पहिला हात पातळ. गोव्याच्या पावसाळ्यात फळी वाळतच नाही, दिवाळीनंतर काम काढ. आणि आरशासारखी चकाकी नको, सेमी-ग्लॉस पुरे. ओल्या पायांनी आपटशील.