नवा सेन्सर, तोच कोड

प्रश्न : आमचा व्हील लोडर पॉवरशिफ्ट (ऑइलच्या प्रेशरने क्लच लावून गिअर बदलणाऱ्या) गिअरबॉक्सचा आहे. सकाळी अगदी व्यवस्थित चालतो. ऑइल चांगलं गरम झालं की डिस्प्लेवर एसपीएन 191, एफएमआय 2 असा कोड येतो आणि मशीन एकाच गिअरमध्ये अडकून बसते. बंद करून थंड होऊ दिली की पुन्हा ठीक. आउटपुट स्पीड सेन्सर नवा टाकला, तरी कोड तोच. आता मेकॅनिक म्हणतो, कंट्रोलर (गिअरबॉक्स चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलू. बदलावा का?
– एक लोडरमालक

उत्तर : नाही, इतक्यात नको. तुम्ही कळवलेल्या लक्षणांत कंट्रोलरकडे बोट दाखवणारं मला काहीच दिसत नाही.

एसपीएनचा आकडा तक्रार कशाबद्दल आहे ते सांगतो, एफएमआयचा आकडा बिघाड कोणत्या प्रकारचा ते. 191 म्हणजे गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचा वेग. इथवर सगळेच वाचतात आणि सेन्सर मागवतात. खरी माहिती पुढच्या आकड्यात असते. सर्किट तुटलेलं असतं तर बहुधा 5 आला असता, सिग्नलची तार प्लसला लागली असती तर 3, बॉडीला लागली असती तर 4. तुमच्याकडे आला 2. म्हणजे सिग्नल येतोय, पण भरवशाचा नाही. मध्येच तुटतो किंवा बाकीच्या आकड्यांशी जुळत नाही. कंट्रोलरला इनपुटचा वेग ठाऊक असतो आणि कोणता गिअर लागलाय तेही. त्यावरून आउटपुट किती फिरायला हवा, हे तो सतत ताडून पाहतो. हा हिशोब न बसण्याची कारणं सेन्सरच्या बाहेरही असतात, म्हणून नवा सेन्सर टाकूनही फरक पडला नाही.

आधी सेन्सरच्या तारा मोजा. दोन तारा असतील तर आत साधारणपणे चुंबक आणि कॉइल असते. शाफ्टसोबत फिरणारं दातेरी चाक पुढून गेलं की तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. तीन तारा असतील तर बहुतेक हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट : सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. या तीनतारी सेन्सरला ओहमवर तपासून काही कळत नाही. त्याचा सप्लाय आणि अर्थ कनेक्टर जोडलेला असतानाच बघायचा आणि सिग्नल हर्ट्झवर मोजायचा. दाते गुणिले आरपीएम भागिले 60. दातेरी चाकाला 48 दाते आणि शाफ्ट 1500 आरपीएमवर असेल, तर मीटरवर 1200 हर्ट्झ दिसायला हवेत.

तुमचा फॉल्ट गरम असताना येतो, तर मोजमापही गरम असतानाच घ्या. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मशीन बंद होते, मेकॅनिक येईपर्यंत थंड होते आणि मग मीटर सगळं उत्तम दाखवतो. कोड आल्या आल्या इंजिन बंद करा, किल्ली काढा, कंट्रोलरचा प्लग सोडवा आणि त्या टोकाकडून दोनतारी सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. असं केलं की सेन्सर, सगळी वायरिंग आणि मधले कनेक्टर एकाच मोजणीत येतात. थंड असतानाचा आकडा आधीच लिहून ठेवा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. म्हणजे थंड असताना 1000 ओहम होते आणि सेन्सर 60 अंशांनी तापला, तर 1240 च्या आसपास दिसणं स्वाभाविक आहे. तिथे 3000 दिसले, किंवा मीटर ओपन दाखवू लागला, तर चोर त्याच लाइनवर आहे.

आता मीटर लावलेला ठेवून हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हलवा. घाई न करता, वीतभर वीतभर पुढे सरकत. नवा सेन्सर टाकूनही कोड आला, म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे. गिअरबॉक्सच्या अंगावरून जाणारा भाग, क्लॅम्पच्या खालची जागा आणि मशीन मधोमध वळते त्या सांध्याजवळचा पट्टा नीट बघा. उष्णतेने आणि ऑइलने तारेचं आवरण कडक होऊन तडकतं, किंवा ब्रॅकेटवर घासून तांबं उघडं पडतं. कनेक्टर उघडून आत ऑइल शिरलंय का, पिन हिरवट पडल्यात का, सॉकेट सैल झालंय का, तेही पाहा. मात्र तपासण्यासाठी तारेत सुई खुपसू नका. त्या छिद्रातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी आतलं तांबं कुजलेलं सापडतं.

नवा सेन्सर बसवताना गॅप, म्हणजे सेन्सरचं तोंड आणि दाता यांतलं अंतर, कसा धरला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सेन्सर आट्यांचा असेल तर काढून टॉर्चने भोकातून आत बघा. दात्याचा माथा बरोबर समोर आला पाहिजे. नसेल तर शाफ्ट किंचित फिरवून आणा. मगच सेन्सर हाताने टेकेपर्यंत आत घ्या आणि मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढा मागे फिरवा. आटे 1.5 मिलिमीटर पिचचे असतील, तर अर्ध्या फेऱ्याला पाऊण मिलिमीटर गॅप पडतो. दोन दात्यांमधली खाच समोर असताना टेकवून मागे घेतला, तर पहिल्याच फेऱ्यात दाता सेन्सरचं तोंड फोडतो. शेवटी लॉकनट आवळताना सेन्सर सोबत फिरत नाही ना, यावर लक्ष ठेवा.

जुना सेन्सर अजून ठेवलाय का? असल्यास त्याचं टोक बघा. चुंबकामुळे लोखंडाचा कीस तिथे चिकटतो आणि सिग्नल कमजोर पडतो. पिठासारखी बारीक करडी पूड असेल तर पुसून पुढे चला. बोटाला टोचतील असे तुकडे असतील तर फिल्टर कापून बघा, कारण मग प्रश्न बेअरिंगचा किंवा गिअरचा आहे.

हे सगळं ठीक निघालं, तर क्लचकडे वळा. ऑइल गरम झालं की पातळ होतं, झिजलेल्या सीलमधून गळतं, क्लचचं प्रेशर उतरतं आणि प्लेटा घसरू लागतात. काही मशीनमध्ये याचा कोड वेगळा असतो, पण जिथे नसतो तिथे खरं बोलणाऱ्या सेन्सरवरच आळ येतो. गरम मशीनवर प्रत्येक गिअरचं क्लच प्रेशर गेज लावून मोजा. एकाच गिअरला कमी भरलं, तर गिअरबॉक्स उघडायची तयारी ठेवा.

आउटपुट शाफ्ट मशीन चालली तरच फिरतो, त्यामुळे चालू मोजणीसाठी मीटरच्या लांब तारा केबिनपर्यंत घ्या. इंजिन चालू असताना मशीनखाली माणूस नको. बंद मशीनखाली जायचं तरी पार्किंग ब्रेक, चाकांना ठोकळे आणि मधल्या सांध्याची लॉकपट्टी लावूनच. यात सूट नाही.

प्रश्न : मोटर ग्रेडर जागेवर उभा, न्यूट्रलमध्ये. रेस वाढवली की डिस्प्लेवर वेग दिसू लागतो. सेन्सर दोनतारी आहे. तो गेला म्हणायचा का?
– एक ऑपरेटर

उत्तर : बहुधा नाही. मशीन हातभर पुढे घेऊन पुन्हा बघा. वेग दिसायचा थांबला, तर दात्याची कड सेन्सरसमोर होती आणि इंजिनाच्या थरथरीनेच सिग्नल तयार होत होता. गॅप कमी झालाय का आणि सेन्सर सैल आहे का ते पाहा. फरक पडला नाही, तर बाहेरची विद्युत गडबड तारेत शिरते आहे. कंट्रोलरचा प्लग काढून दोन्ही तारा बॉडीशी तपासा. एकही लागता कामा नये. तारांवर शील्ड (गडबड अडवणारं धातूचं वेष्टन) असेल तर ती एकाच टोकाला अर्थ केलेली हवी. आणि मागे कुणी जोड दिला असेल तर तो उघडून बघा. या दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेलेल्या असतात. दुरुस्तीत मधला तुकडा सरळ टाकला असेल, विशेषतः अल्टरनेटरच्या तारांशेजारून, तर तो काढून पीळ दिलेली जोडी टाका.