पोटात जाळ नाही, मग भाकरी जळते कुठे?

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. श्वसनाचा धडा वाचताना त्याने विचारलं, “आई, ग्लुकोज जळून ऊर्जा मिळते म्हणतात. पण पोटात जाळ तर नाही, मग ते जळतं कुठे? आणि पोट भरलेलं असताना नुसता श्वास काही मिनिटं थांबला तरी माणूस का मरतो?” मला उत्तर देता आलं नाही. सोप्या भाषेत सांगाल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. तुमच्या मुलाचा दुसरा प्रश्न इतक्या वर्षांत मला फार थोड्या मुलांनी विचारला. त्याला शाबासकी द्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की दुसऱ्याचं आपोआप हाती येईल.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. भिजवलेली मटकी फडक्यात घट्ट बांधून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडताना मधोमध बोटं घाला. आतली मटकी कोमट लागते. ती ना चुलीशी होती, ना उन्हात. ती ऊब मोड फुटणाऱ्या मटकीच्या पेशींची आहे. वर्गात मी दोन थर्मास घ्यायचे. एकात मोडाची मटकी, दुसऱ्यात उकडून गार केलेली, आणि दोन्हींच्या तोंडाशी कापसाच्या बोळ्यातून खोवलेला थर्मामीटर. पहिल्या वर्षी प्रयोग फसला. दुसऱ्या दिवशी उकडलेल्या मटकीचा पारासुद्धा चढलेला होता आणि झाकण काढताच आंबूस वास आला. मटकी मेलेली होती, पण तिच्यावर वाढलेले जंतू जिवंत होते आणि त्यांनीही आपली ऊब सोडली होती. पुढच्या वर्षापासून उकडलेली मटकी जंतुनाशकात बुडवून घ्यायला लागले, तेव्हा कुठे तिचा पारा जागेवर राहिला.

तर जळतं ते पोटात नाही, प्रत्येक पेशीत. पोट आणि आतडं भाकरीतल्या पिष्टाचे तुकडे करून ग्लुकोज रक्तात सोडतात, एवढंच त्यांचं काम. लाकूड भडकतं तेव्हा त्यातली सगळी ऊर्जा एकदम बाहेर पडते. पेशीला तसं करून चालणार नाही, ती स्वतःच भाजून निघेल. म्हणून ती ग्लुकोज टप्प्याटप्प्याने सोडवते. आधी पेशीद्रवात त्याचे दोन तुकडे होतात. त्यातून हाती येतात एटीपीचे अवघे दोन रेणू. एटीपी म्हणजे पेशीला कामासाठी लागणारी ऊर्जा धरून ठेवणारा रेणू. मग ते तुकडे तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या छोट्या भागात (मायटोकॉन्ड्रिया) शिरतात, क्रेब चक्र नावाच्या अभिक्रियांच्या फेऱ्यात त्यांचा कार्बन सुटा होतो आणि कार्बन डायऑक्साइड बनून उच्छ्वासातून बाहेर पडतो. पण या सगळ्यातला मोलाचा माल कार्बन नव्हे. ग्लुकोजमधून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन, हा खरा माल.

हे समजायला स्लॅबचं काम डोळ्यांपुढे आणा. मिक्सरपासून वरपर्यंत माणसं रांगेने उभी असतात आणि घमेलं हातोहात पुढे जातं. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात प्रथिनांची अशीच रांग असते. ग्लुकोजमधून निघालेले इलेक्ट्रॉन या हातातून त्या हातात जातात. फरक इतकाच, की इथला माल चढत नाही, पायरी-पायरीने उतरतो, आणि प्रत्येक पायरीला थोडी ऊर्जा सुटते. माल रांगेपर्यंत आणून टाकणारा हमाल म्हणजे एनएडी नावाचा रेणू. तो नायसिन या जीवनसत्त्वापासून बनतो. ओझं उतरवायचं, रिकाम्या हाताने क्रेब चक्राकडे परत जायचं, पुन्हा ओझं घ्यायचं, अशा त्याच्या खेपा अखंड चालतात.

रांगेच्या शेवटी इलेक्ट्रॉन घ्यायला उभा असतो ऑक्सिजन. श्वास लागतो तो याच एका जागेसाठी. आपण घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, असं बहुतेकांना वाटतं. मुलंही उत्तरपत्रिकेत तसंच लिहायची. तसं नाही. शेवटच्या जागी तो इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजन घेतो आणि त्याचं पाणी होतं.

मग एटीपी कुठून आलं? शास्त्रज्ञ या कोड्यापाशी बरीच वर्षं अडून होते. रांगेतून सुटणारी ऊर्जा एखाद्या रासायनिक दुव्यामार्फत थेट एटीपीत जात असणार, असं धरून तो दुवा शोधणं चालू होतं. तो कुणालाच सापडत नव्हता. १९६१मध्ये इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी सांगितलं की असा दुवा नाहीच. ही रांग प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन आयन, पटलाच्या एका बाजूला उपसून टाकते. तिथे ते साठतात, जसं धरणात पाणी, आणि परत यायला त्यांना एकच अरुंद वाट मिळते. पुष्कळांना हे पटलं नाही. मिचेल यांनी कॉर्नवॉलमधला एक जुना वाडा दुरुस्त करून तिथे छोटी प्रयोगशाळा थाटली आणि काम सुरू ठेवलं. १९७८चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

मी एकदा विद्यार्थ्यांना पोफळीला घेऊन गेले होते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून खाली येतं आणि जमिनीखालच्या वीजघरात टर्बाइन फिरवतं. आत उभं राहिलं की पायाखालची फरशी थरथरते. एक मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बाई, हे एटीपीसारखंच आहे की!” तिचं अगदी बरोबर होतं. प्रोटॉनच्या परतीच्या वाटेवर एटीपी सिंथेज हे प्रथिन बसलेलं असतं आणि ते खरोखरीच फिरतं. इथे मी उपमा देत नाहीये. १९९७मध्ये जपानी संशोधकांनी त्याच्या दांड्याला चमकणारा प्रथिनाचा धागा जोडला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एका फेऱ्यात एटीपीचे तीन रेणू तयार होतात. हे यंत्र चालतं कसं ते उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं.

एटीपीला पुस्तकात पेशीचं ‘ऊर्जेचं चलन’ म्हणतात. शब्द चांगला आहे. स्नायू आकसायला, चेतापेशीतलं सोडियम बाहेर काढायला, नवं प्रथिन जोडायला पेशी एटीपी मोडते आणि उरलेलं एडीपी पुन्हा त्या फिरत्या चक्रीकडे, म्हणजे एटीपी सिंथेजकडे पाठवते. इथे एक नाव तुमच्या मुलाला मुद्दाम सांगा : येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमवरमचा हा माणूस हार्वर्डला गेला आणि सायरस फिस्क यांच्याबरोबर त्याने १९२९मध्ये स्नायूंतून एटीपी वेगळं काढलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते शोधलं. फॉस्फरस मोजण्याची फिस्क-सुब्बाराव पद्धत मी एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत कितीदा केली. परीक्षानळीत हळूहळू चढणारा तो निळा रंग अजून डोळ्यांपुढे आहे. पण त्या नावातले सुब्बाराव कोण, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी मात्र पुढे प्रत्येक वर्गात सांगितलं.

आता श्वासाचं. अंगात एका वेळी एटीपी असतं जेमतेम १०० ग्रॅमच्या घरात, आणि दिवसभरात लागतं ते जवळजवळ आपल्या वजनाइतकं. म्हणजे तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडायचा आणि पुन्हा भरायचा. साठा कसला तो नाहीच, सगळा हातावरचा व्यवहार. अशात श्वास थांबला की रांगेच्या टोकाचा ऑक्सिजन गेला. शेवटच्या हातातलं घमेलं घ्यायला कुणी नाही, म्हणून त्याच्या मागचा अडतो, त्याच्या मागचाही अडतो. हमालाचं ओझं उतरत नाही, त्यामुळे क्रेब चक्रही ठप्प. प्रोटॉन उपसणं बंद, चक्री बंद. रक्तात भाकरीचं ग्लुकोज तसंच पडून असतं, पण त्याचा उपयोग करता येत नाही. धावताना पायाचे स्नायू अशा वेळी ओझं तात्पुरतं दुसरीकडे टाकून, म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करून, त्या दोन-दोन एटीपींवर थोडा वेळ काढतात. मेंदूचं तेवढ्यावर भागत नाही. चार-पाच मिनिटांत त्याच्या पेशी मरायला लागतात. सायनाइडचं विष नेमकं याच शेवटच्या जागी जाऊन बसतं. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही.

एक दुरुस्ती मला करायलाच हवी. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. आता मोजमापांवरून हा आकडा ३० ते ३२च्या आसपास धरतात, कारण काही प्रोटॉन चक्री न फिरवताच पाझरून परत येतात आणि तंतुकणिकेत मालाची ने-आण करण्यातही काही खर्ची पडतात. मुलाने परीक्षेत त्याच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच लिहावा, पण हेही त्याला ठाऊक असू द्या. ग्लुकोजमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा एटीपीत पकडली न जाता उष्णता होऊन जाते. पुरचुंडीत बोटांना लागली ती हीच, आणि आपलं अंग गरम राहतं तेही हिच्यामुळेच.

दोन थर्मास आणि दोन थर्मामीटर जमले तर प्रयोग नक्की करा. थर्मास काठोकाठ भरू नका आणि तोंडाला घट्ट बूच न लावता कापूसच लावा. रात्रभर मोडांनाही हवा लागते. सकाळी पारा वाचायचं काम मुलाकडे द्या. नंतर दोन्हीकडची मटकी झाडांच्या मुळाशी घाला, उसळीला वापरू नका.