दम्यामुळे सारख्या रजा पडतात, नोकरी जाईल का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी चाकण एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत स्टोअरला आहे, वय ३६, कंपनीच्या रोलवर सहा वर्षं झाली, पगार १९ हजार. ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे पैसे कापतात पण मी तिकडे कधी गेलो नाही, रांगा असतात असं सगळे म्हणतात. लहानपणापासून दमा आहे. थंडीत आणि पावसाळा सुरू होताना जास्तच, महिन्याला दोन-तीन दांड्या होतात, रात्रभर धाप लागली की फर्स्ट शिफ्टला उठवतच नाही. कंपनीत दम्याचं सांगितलेलं नाही, कधी व्हायरल म्हणतो कधी गावाला गेलो होतो म्हणतो. जास्त झालं की गल्लीतल्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतो, पंप आहे पण त्याची सवय लागते म्हणून अगदीच नाइलाज झाला तर मारतो. मागच्या महिन्यात सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले की असंच चाललं तर एचआरला लेटर काढायला लावतो. दोन पोरं आहेत, घराचा हप्ता आहे. रविवारी किंवा गावी गेलो की बरं असतं, कामावर आलो की छाती परत भरते. मला आजारपणावरून काढू शकतात का? आणि दमा सांगितला तर उलट लवकर काढतील का?
— एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून आधी जाणवलं ते हे की तुम्ही आजाराशी कमी आणि तो लपवण्याशी जास्त झगडताय. मी बरीच वर्षं कारखान्यात पर्सनल डिपार्टमेंटला होते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगते.

आजारी पडणं हा गैरवर्तनाचा प्रकार नाही, पण न कळवता गैरहजर राहणं हा आहे. कंपनीच्या स्थायी आदेशात, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, साधारण असंच लिहिलेलं असतं की वारंवार विनापरवानगी गैरहजर राहिलं किंवा सलग दहा दिवसांपेक्षा जास्त न सांगता दांडी मारली तर ते गैरवर्तन. तुमच्या फाइलला आज काय दिसतं? कधी व्हायरल, कधी गाव, कधी काहीच नाही, आणि एकही सर्टिफिकेट नाही. वाचणाऱ्याला त्यात पेशंट दिसतच नाही, कामाची आवड नसलेला माणूस दिसतो, आणि सुपरवायझरलाही तोच दिसला. म्हणून सांगितल्याने काढतील ही भीती मी समजते, पण तुमच्या केसमध्ये न सांगण्याचाच धोका जास्त आहे.

आता खरं ते पण सांगायला पाहिजे. सततच्या आजारपणामुळे कामगाराला कमी करणं कायद्यात बसतं, आणि त्याला कामगार कपात धरत नाहीत, म्हणजे कपातीची भरपाईही त्यात मिळत नाही, पाच वर्षं पूर्ण झालीत म्हणून ग्रॅच्युइटी मात्र मिळेल. पण हे ज्याला काम करणंच शक्य राहिलेलं नाही अशा माणसाबाबत लावलं जातं. महिन्याला दोन-तीन दिवस जाणारा आणि औषधाने आटोक्यात येऊ शकणारा दमा तसा नाही, आणि कागद नीट असतील तर कंपनीला ते तसं दाखवणं सोपं जात नाही.

कागद कुठून आणायचे, तर ईएसआयमधून. तुमच्या १९ हजारांवर पाऊण टक्का म्हणजे महिना १४३ रुपये जातात आणि कंपनी वरून सव्वातीन टक्के भरते, एवढे पैसे वर्षानुवर्षं देऊन तुम्ही दवाखाना बघितलेलाच नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. एका सहामाहीत ७८ दिवसांचं योगदान भरलं गेलं असेल तर त्यापुढच्या बेनिफिट पिरियडमध्ये, म्हणजे लाभ मिळायच्या ठरलेल्या सहा महिन्यांत, आजारपणाच्या दिवसांना सरासरी रोजाच्या ७० टक्के पैसे मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. एक गोष्ट मात्र माहीत असू द्या, आजारपणाचे पहिले दोन दिवस यात धरत नाहीत, म्हणजे तीन दिवस घरी राहिलात तर एकाच दिवसाचे पैसे. मागच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत परत आजारी पडलात तर ही दोन दिवसांची अट लागत नाही. म्हणजे तुमच्यासारख्याला पैशाचा फायदा थोडाच, खरा फायदा ईएसआयच्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटचा, कारण तो दिवस मग दांडी राहत नाही, आजारपणाची रजा होते. औषधं तिथं फुकट आहेत, चिंचवडला मोहननगरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे, तुमच्या ईएसआय दवाखान्यातून छातीच्या डॉक्टरकडे रेफर करून घ्या. रांग असेल, एक रजा त्यात जाईल, जाऊ द्या.

आणि त्या डॉक्टरला विचारायचं ते हे की माझा दमा कंट्रोलमध्ये का नाही. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त वेळा त्रास होत असेल, रात्री झोपमोड होत असेल तर दमा आटोक्यात नाही असंच डॉक्टर मानतात. रजांचं मूळ इथं आहे हो. पंप दोन प्रकारचे असतात, एक धाप लागल्यावर श्वासनळी मोकळी करणारा आणि दुसरा रोज घ्यायचा, आतली सूज कमी ठेवणारा, त्यात स्टिरॉइड अगदी थोडं असतं. तुम्ही फक्त पहिल्यावर दिवस काढताय. २०१९ पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्समध्येही नुसत्या पहिल्या पंपावर राहू नका असंच सांगितलंय, कारण बरं वाटतं पण सूज तशीच राहते आणि एखादा अटॅक जिवावर बेततो. सवय लागते ही भीती तर मनातून काढूनच टाका. श्वासनळी मोकळी करणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाच्या गोळीत ४ मिलिग्राम औषध असतं, पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्राम, म्हणजे चाळीसावा भाग, आणि ते थेट छातीत जातं. तुम्ही ज्या इंजेक्शनवर भागवताय त्यातलं औषध सगळ्या अंगात फिरतं, ते वारंवार घेण्याची भीती वाटायला हवी. पंप कसा घ्यायचा हे डॉक्टरसमोर करून दाखवा, स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी लावा, स्टिरॉइडवाल्या पंपानंतर चूळ भरा, आणि बरं वाटायला लागलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, बहुतेकांचं तिथंच बिनसतं.

तुम्ही सहज लिहून गेलात की सुट्टीत बरं असतं आणि कामावर छाती भरते. हे वाक्य डॉक्टरला जसंच्या तसं सांगा. तुमच्या स्टोअरला खोक्यांची धूळ असेल, डिझेल फोर्कलिफ्टचा धूर असेल, आणि शेजारी पेंट शॉप असेल तर तिथं हार्डनर मिसळून मारायच्या पीयू (पॉलियुरेथेन) पेंटमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, कामामुळे होणाऱ्या दम्याचं ते जगभर माहीत असलेलं कारण आहे. श्वासाचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर मिळतो, फुंकर मारून आकडा बघायचा, महाग नसतो. कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडे आकडे लिहीत गेलात की दोन-तीन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं. असा पुरावा हातात असला तर जागा बदलून मागता येते, आणि ती मागणी कुरकुर वाटत नाही.

एचआरला कसं सांगायचं, तर तोंडी नको. एका पानाचं पत्र, मला दमा आहे, अमुक दवाखान्यात उपचार चालू आहेत, सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट, धूळ-धुरापासून लांबची जागा मिळाली तर हजेरी सुधारेल, बस. कॉपीवर पोच घ्या. त्रास झाला तर शिफ्ट सुरू व्हायच्या आत सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅप, आणि तो मेसेज डिलीट करायचा नाही. लेटर आलंच तर घाबरून गप्प बसू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या, युनियन असेल तर प्रतिनिधीला दाखवून द्या. आणि कोणी केबिनमध्ये बसवून म्हणालं की राजीनामा दे, रेकॉर्ड खराब होणार नाही, तर तिथल्या तिथं सही करायची नाही. घरी विचारून सांगतो म्हणा आणि उठा. चांगली चांगली माणसं त्या एका सहीने नोकरी आणि हक्क दोन्ही घालवून बसलेली मी बघितलीत.

प्रश्न : मला हिंजवडीच्या एका आयटी कंपनीची ऑफर आहे, दमा आहे पण इनहेलरवर छान चाललंय. मेडिकल फॉर्ममध्ये लिहू की नको?
— वाचक, वाकड

उत्तर : इंटरव्ह्यूत आपणहून सांगायची गरज नव्हती, पण फॉर्ममध्ये थेट विचारलंय तर खोटं लिहू नकोस. खोटी माहिती दिली हे पुढे काढून टाकायचं पक्कं कारण होतं, दमा होत नाही. दमा आहे, नियमित उपचार चालू, आटोक्यात, आणि सोबत डॉक्टरची दोन ओळींची चिठ्ठी, एवढं पुरे. दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत दमा येत नाही, त्यामुळे त्या कायद्याच्या संरक्षणावर विसंबू नकोस. सही करायच्या आधी दोन गोष्टी ईमेलवर विचारून घे, आजारपणाच्या रजा किती आणि ग्रुप मेडिक्लेममध्ये आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात का. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात ८ नैमित्तिक रजा आहेत, आजारपणाची वेगळी रजा नाही, ती कंपनीच्या पॉलिसीवर असते. जॉइन झाल्यावर एसीच्या थेट झोताखालची सीट पहिल्याच आठवड्यात बदलून घे, एक पंप ड्रॉवरमध्ये ठेव आणि तो कुठे असतो ते शेजारच्याला सांगून ठेव.