घरी इंटरनेट आलं, आता पुढे : वाचकांची प्रश्नोत्तरे

घरात नव्याने संगणक आणि इंटरनेट घेतलेल्यांच्या पत्रांत माणसं बदलतात, घोळ तोच राहतो. पुन्हा पुन्हा येणारे काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : कनेक्शन 100 एमबीपीएसचं घेतलं. फाइल डाउनलोड करताना संगणक मात्र 11 दाखवतो. कंपनीने फसवलं का?

नाही. कंपनी मेगाबिट मोजते, संगणक मेगाबाइट. 8 बिटांचा 1 बाइट, म्हणजे 100 चे साडेबारा. त्यातलं थोडं वाटखर्चात जातं. 11 हा चांगला आकडा आहे. 3-4 दिसू लागले तर मात्र संशय घ्या, पण क्रमाने. राउटरपासून (वायफाय देणाऱ्या पेटीपासून) संगणकाला लॅन केबल जोडा, घरातले बाकीचे फोन-टीव्ही वायफायवरून काढा आणि मग स्पीड टेस्ट घ्या. केबलवर पूर्ण वेग आणि वायफायवर निम्मा, तर कनेक्शनला दोष देऊ नका. राउटर कपाटातून, टीव्हीमागून बाहेर काढा आणि उंचावर ठेवा. संगणक त्याच खोलीत असेल तर 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा, दोन भिंतींपलीकडे असेल तर 2.4 चं. ते दूरवर पोचतं, पण वेग कमी, आणि मायक्रोवेव्ह सुरू झाला की अडखळतं.

100 हून मोठा प्लॅन असूनही केबलवरच्या स्पीड टेस्टचा आकडा 94-95 च्या पुढे हलत नसेल तर केबल बदलून पाहा. गिगाबिट वेगाला आतल्या आठही तारा लागतात. एक तुटली की जोडणी निमूटपणे 100 वर उतरते. एवढं करूनही वेग कमीच असेल तर दिवसातल्या दोन-तीन वेळांचे आकडे लिहून कंपनीकडे तक्रार नोंदवा. तोवर 'मोठा प्लॅन घ्या' हे कुणाचंही ऐकू नका. हा सल्ला सगळ्यात आधी मिळतो, कारण तो विकता येतो.

प्रश्न : ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खाजगी) खिडकीत पाहिलेलं कुणालाच कळत नाही ना?

त्या संगणकावर हिस्टरी राहत नाही, इतकंच. इंटरनेट कंपनीला कुठल्या साइटवर गेलात ते कळू शकतं, आणि साइटला तर कळतंच.

प्रश्न : संगणक बसवून देणाऱ्यानेच जीमेल उघडून दिलं. त्याने कागदावर लिहून दिलेला पासवर्डच मी वापरते. सगळं नीट चाललं आहे. काही करायला हवं का?

हो, आणि आजच. नीट चाललं आहे तोवरच हे सोपं असतं.

बँक असो, खरेदीची साइट असो की फोटो, 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की बहुतेक ठिकाणी नवा पासवर्ड लावायची लिंक ईमेलवरच येते. ईमेल ज्याच्या ताब्यात, बाकीचं बरंचसं त्याच्या ताब्यात. बसवणारा माणूस अगदी सज्जन असेल. पण घाईत अनेकजण रिकव्हरी फोन (अकाउंट परत मिळवायचा कोड येतो तो नंबर) म्हणून स्वतःचाच नंबर घालून मोकळे होतात, कारण कोड हातातल्या हातात मिळतो. उद्या त्याने तो नंबर सोडला आणि कंपनीने तो दुसऱ्या कुणाला दिला, तर तुमचं अकाउंट सोडवायचा कोड त्या अनोळखी माणसाकडे जाईल.

जीमेलमध्ये वर उजवीकडे आपल्या गोल चित्रावर क्लिक करून गूगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये जा, तिथे सिक्युरिटीचा विभाग उघडा. आधी पासवर्ड बदला : चार-पाच असंबद्ध शब्दांचा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला. मग रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल तपासा, दोन्ही तुमचेच हवेत. बदल केल्यावरही गूगल 7 दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं, म्हणून हे काम भांडण झाल्यावर करायचं नसतं. त्यानंतर डिव्हाइसची यादी पाहा आणि ओळखीचा नसलेला प्रत्येक फोन, संगणक साइन आउट करा. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग'खाली परका पत्ता दिसला तर तोही काढा. पासवर्ड बदलला तरी तुमची पत्रं तिकडे जातच राहतात.

शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री मागितली जाते. 'फोन हरवला तर आपणच बाहेर अडकतो' ही ऐकीव भीती ज्याच्या त्याच्या तोंडी असते. त्यासाठीच 10 बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. यातलं काही जमेना तर घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा, मात्र पासवर्ड टाइप करणारी बोटं तुमचीच असू द्या.

प्रश्न : एका व्हिडिओला आवाज आहे, चित्र नाही. साइट 'कोडेक पॅक' घ्या म्हणते. घेऊ का?

नको. कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची आणि पुन्हा उलगडायची पद्धत. फाइलच्या नावामागचे एमपी4, एमकेव्ही हे नुसते डबे. आतला व्हिडिओ एच.264 या कोडेकमध्ये आहे की एचईव्हीसी या दुसऱ्या कोडेकमध्ये, ते बाहेरून कळत नाही. तुमच्या प्लेअरला आतला प्रकार उलगडता येत नाही, एवढाच अर्थ. व्हीएलसी प्लेअर मोफत आहे आणि बहुतेक सगळे प्रकार उलगडणारे डिकोडर त्याच्या पोटातच असतात. तो व्हिडिओलॅनच्या मूळ साइटवरूनच घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर येणारे निकाल पुष्कळदा जाहिराती असतात, आणि 'डाउनलोड' लिहिलेलं सर्वांत मोठं बटण बहुधा भलत्याच गोष्टीचं. व्हीएलसीतही चित्र अडखळत असेल तर जुन्या मशीनला एचईव्हीसी झेपत नाही असं समजा. नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी जाणकाराला मशीन दाखवा.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला. तिथल्या नंबरवर फोन केला. त्यांनी सांगितलेला प्रोग्राम घातला, त्यांनी बराच वेळ संगणक 'साफ' केला. आता काळजी करावी का?

तीन आठवडे थांबलात कशासाठी? मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ते नुसतं वेबपेज होतं. ऑल्ट आणि एफ4 दाबून, नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद केला असता की संपलं असतं. आता इंटरनेट तोडा. दुसऱ्या उपकरणावरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला. कार्डामागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवा, हे वाचून झाल्याबरोबर. 'अनइन्स्टॉल केलं' यावर विसंबू नका. कामाच्या फाइल बाहेर काढून ओळखीच्या तंत्रज्ञाकडून विंडोज नव्याने टाकून घ्या.

प्रश्न : राउटर रोज रात्री बंद केला तर बिघडतो का?

नाही. लँडलाइन त्यावरच असेल तर तीही बंद पडेल.

प्रश्न : संगणकावर ईमेलचा प्रोग्राम बसवल्यापासून फोनवरची जुनी पत्रं गायब. हॅक झालं का?

बहुधा नाही. अकाउंट पॉप पद्धतीने जोडलं गेलं असणार. ही पद्धत पत्रं संगणकावर उतरवते आणि 'सर्व्हरवर (ईमेल कंपनीच्या संगणकावर) प्रत ठेवा' ही खूण नसेल तर तिकडची पुसून टाकते. तुम्हाला पत्रं सर्व्हरवरच ठेवून सगळीकडे सारखी दाखवणारा आयमॅप हवा, पण घाई नको : ती पत्रं आता फक्त या एका संगणकाच्या डिस्कवर आहेत. आधी प्रोग्रामच्या डेटा फाइलची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. मग तेच अकाउंट आयमॅपने वेगळं जोडा आणि जुनी पत्रं त्याच्या फोल्डरमध्ये ओढून टाका, म्हणजे ती सर्व्हरवर परत चढतील. अनेक वर्षांची पत्रं असतील तर जाणकाराला सोबत घ्या. फोनवर सगळी दिसू लागेपर्यंत पॉपचं अकाउंट काढू नका.