एकूण बेरीज पुरेशी, तरी एटीकेटी कशी?

प्रश्न : मी कळव्याला राहते, ठाण्यात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका विषयात एकूण 44 गुण असूनही एटीकेटी (म्हणजे विषय राहिला, पण तो नंतर सोडवायचा आणि पुढच्या वर्गात जायचं) लागली. असं कसं? पुढे वर्ष अडकू नये म्हणून काय सांभाळू?

उत्तर : गुणपत्रिका पुन्हा हातात घ्या आणि त्या विषयाची ओळ आडवी वाचा. अंतर्गत आणि लेखी, दोन्हींत स्वतंत्रपणे 40 टक्के लागतात. लेखी 75 ची आणि अंतर्गत 25 ची असेल तर लेखीत 30 हवेत. तुम्हाला अंतर्गत 18 आणि लेखी 26 मिळाले असतील, तर बेरीज 44 होते, पण लेखी राहते. ज्या भागात राहिलात तेवढ्याचाच पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो. त्याची तारीख कॉलेजच्या सूचनाफलकावर लागते आणि बहुतेकांची गाडी नेमकी इथेच चुकते. शेवटच्या वर्षाला प्रवेश घेण्याआधी किती एटीकेटी चालतात, हे कार्यालयातून तुमच्या अभ्यासक्रमाच्या नियमानुसार कागदावर बघून घ्या. मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

सरासरी काढताना ग्रेड पॉइंट (गुणांवरून मिळणारा श्रेणीचा आकडा) नुसते बेरजेत घेऊ नका; प्रत्येकाला त्या विषयाच्या क्रेडिटने, म्हणजे विषयाच्या वजनाने, गुणा. 4 क्रेडिटच्या विषयात 8 आणि 2 क्रेडिटच्या विषयात 10 असतील, तर (4 × 8 + 2 × 10) ÷ 6 म्हणजे 8.67, 9 नव्हे. म्हणून जास्त क्रेडिटच्या विषयाला आधी वेळ द्या.

हजेरी 75 टक्के लागते. आजारी पडलात तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र परतल्याच आठवड्यात द्या आणि प्रतीवर पोच घ्या. सत्र संपल्यावर नेलेला कागद सहसा ऐकून घेतला जात नाही.